आवाज चौदावर

आमच्या टीव्हीच्या कोपऱ्यात हिरवा आकडा उमटतो
आणि कळतं, शेवटचं कोण बसलं होतं.

सहा असेल तर मी.
पहिल्या पाळीआधी, पहाटे पाचला,
जेल रोडवर दुधाच्या किटल्या वाजू लागतात तेव्हा
मी बुडालेली जहाजं बघतो.
पाणबुड्या टॉर्च घेऊन खाली उतरतो,
गंजलेल्या जिन्यावरून एक मासा वर येतो,
निवेदक फारसं बोलत नाही.
अंबडला आठ तास लोखंड ओरडत असतं,
हे लोखंड ओरडून झालेलं आहे.
कोकिळा कूस बदलत म्हणते,
"गंज बघायला एवढ्या पहाटे उठायचं?
गच्चीवरच्या टाकीचं झाकण काढून बघ की."

एकवीस असेल तर ती.
माझी दुसरी पाळी असली की रात्री दहाला
तिचा इन्स्पेक्टर येतो, खून येतो, पावसात भिजलेली जीप येते.
मी घरी असलो आणि शेजारी टेकलो
तर ती लगेच रिमोट पुढे करते,
"लाव तुझं काहीतरी."
मला ही कडी ओळखू येते.
मी उठतो, उगाच गॅस बघून येतो.

आणि चौदा म्हणजे साडेआठची मालिका.
त्यातल्या वसुंधराबाईंची स्मृती तीनदा गेली, दोनदा आली,
एका वेळचा हिशोब अजून लागलेला नाही.
ती आम्हाला आवडत नाही,
असं आम्ही सात वर्षं रोज साडेआठला बसून एकमेकांना सांगतो.
मी शेंगा फोडतो. दाणे तिच्या वाटीत, टरफलं कालच्या पेपरवर.
धाकटी सून दागिने घालून झोपली
की आम्ही दोघं एकदम म्हणतो, "टोचत नसेल?"

तिची आई पडली, मांडीचं हाड मोडलं,
तेव्हा ती दोन महिने सटाण्याला होती.
साडेआठला फोन लावून, कानाशी धरून बघायचो.
तिकडचा टीव्ही दोन सेकंद पुढे.
ती आधी हसायची
आणि मी त्या हसण्याच्या मागोमाग
विनोदापर्यंत पोचायचो.
कधी विनोद यायचाच नाही.
ती दुसऱ्याच कशाला तरी हसलेली असायची,
आईला, भिंतीवरच्या पालीला, कुणास ठाऊक.

परवा मशीन बंद पडलं, साहेबांनी दहाला सोडलं.
थंडीनं हेल्मेटची काच धुरकटलेली,
डबा हातात, जिना चढलो, बेलवर बोट ठेवणार
तेवढ्यात आतून ओरडणं आलं:
"अरे येड्या, तठे नको जाऊ!
तो दारना मांगे शे!"

मी दाराच्या मागेच होतो.

सव्वीस वर्षं ती माझ्याशी इस्त्रीची मराठी बोलते.
लग्नानंतर माझ्या बहिणी एकदा हसल्या होत्या,
तेव्हापासून बहुतेक.
मीही हसलो असेन. आठवत नाही,
म्हणजे हसलोच असेन.
आणि इथे, बंद दाराआड,
ती एका परक्या पोलिसाला
आईच्या भाषेत शिव्या घालत होती, जीव तोडून,
जसं सख्ख्या भावाला विहिरीपासून मागे ओढावं.

जाहिरात लागेपर्यंत मी तिथेच उभा.
मग खाली उतरलो. गाडी उगाच पुसली.
वॉचमन म्हणाला, "सर, किल्ली विसरलात का?"
म्हटलं, हो, तसंच काहीतरी.

बेल वाजवली. आत गेलो
तेव्हा कोपऱ्यातला आकडा घाईनं उतरत होता,
एकोणीस, सतरा, पंधरा,
चौदावर थांबला.
"लवकर आलास," ती म्हणाली, आणि रिमोट पुढे केला.

मी घेतला नाही.
ताट घेऊन स्वयंपाकघरातच बसलो, ओट्याला पाठ लावून,
भाकरी गार, मेथी गार.
तिथून म्हटलं,
"आवाज वाढव गं.
इथवर येत नाही."