निश्चित उपपद

पिसुर्ल्याच्या शाळेत ती आली तेव्हा
हातात एक पत्र होतं, वर गरुडाची मुद्रा,
खाली नऊ महिन्यांची मुदत.
हुद्दा: इंग्रजी अध्यापन सहायक.
सहायक कोणाची, तर माझी.
मी लेक्चर बेसिसवर, बारा वर्षं.
दर जूनला कायमच्या ऑर्डरचं विचारते,
हेडमास्तर म्हणतात, बघूया.
तिचा भत्ता किती, ते त्यांनी
स्टाफरूममध्ये हळूच सांगितलं,
आणि केरकर टीचरनी उघडलेल्या डब्याला
परत झाकण लावलं.

नाव डेलेनी. पोरांनी पहिल्याच दिवशी
दिलानी केलं. ती त्यालाही ओ देऊ लागली.

दुसऱ्या तासाला साईशा माजीकनं विचारलं,
द मूनच का? ए मून का नाही?
ती खडू धरून उभी राहिली.
म्हणाली, ते तसंच बरं वाटतं कानाला,
आणि माझ्याकडे बघितलं.
मी मागच्या बाकावरून नियम सांगितला,
पोटनियम सांगितला, तीन अपवाद.
मला सगळे नियम येतात.
कानाला काही म्हणजे काही वाटत नाही.
मी कोंकणीत रांधते, मराठीत आरती म्हणते,
इंग्रजीत मस्टरवर सही करते.
सहीपुढे द लागत नाही.

प्रीपोन असा शब्दच नाही, ती एकदा म्हणाली.
मी म्हटलं, आहे. आता ऐकलास ना.
दोन दिवस आम्ही बोललो नाही.

एका शनिवारी पोरं तिला खाण दाखवायला घेऊन गेली.
बंद पडलेली. काठावर करवंदीची जाळी,
खाली पाणी, इतकं हिरवं
की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत.
तार धरून ती बराच वेळ उभी होती.
मग म्हणाली, आमच्याकडे कोळसा.
बाबा कुठल्या पाळीवरून आलेत
ते आईला खोकल्यावरून कळायचं.
डोंगराचा माथा कापला,
शेजारच्या घळीत टाकला.
घळीला नाव होतं,
आता पोस्टमनलाही ते ठाऊक नाही.

मी हे पोरांना मराठीत सांगायला लागले.
तुषार गावस म्हणाला, नका सांगू टीचर, कळलं.
त्याच्या अंगणात एक ट्रक उभा आहे,
टायर नसलेला,
हौद्यात आता मिरचीची रोपं.

सोमवारी तिनं फळ्यावर वॉटर लिहिलं.
आधी काय लावायचं?
मी ओठांतल्या ओठांत म्हटलं, काहीच नाही,
अगणनीय नाम, पान एकतीस.
साईशा उठली. द वॉटर.
का गं?
कारण खंयचें तें तुकाय खबर आसा, आमकांय.

मी पुस्तक उघडलं. पान सत्तेचाळीस, नियम चौथा:
बोलणारा आणि ऐकणारा,
दोघांनाही माहीत असलेली वस्तू.
बारा वर्षं मी तो नुसता वाचून दाखवत होते,
पेन्सिलीनं खूणही केलेली होती.

मार्चमध्ये फॉर्म आला.
सांस्कृतिक देवाणघेवाण, शंभर शब्दांत.
देवाण: एक निळी छत्री, स्टेपलर,
फळ्यावर डाव्या हातानं काढलेलं एक अक्षर
जे पोरं अजून तसंच काढतात.
घेवाण: पेज, हळदीच्या पानातल्या पातोळ्या
(गूळ कमी असावा म्हणायची),
आणि नोटीस बोर्डावर तिच्याच हातची चिठ्ठी,
परीक्षा दोन दिवसांनी प्रीपोन झाली आहे.
मी लिहिलं: समाधानकारक.

कदंबा वळणावर दिसली तेव्हा
साईशानं तिची पिशवी धरून ठेवली होती.
टीचर, तूं परत येतली?

डेलेनीनं माझ्याकडे बघितलं, जसं त्या दिवशी
खडू हातात घेऊन बघितलं होतं.
मला नियम माहीत होता. सांगितला नाही.

ती पायरीवर चढली,
आणि चक्क मराठीत म्हणाली,
बघूया.