सदतीस अंश

पहाटेच फोन. "मॅडम, हौसा माजावर आलीया,
रातभर हंबरतीया, गडबडीनं या."
स्कूटीच्या पायाशी मी नायट्रोजनचा डबा बांधते.
झाकण उघडलं की पांढरा धूर सांडतो;
देवापूरच्या पोरांना वाटतं आत भूत आहे.
भूत नाही रे. वळू आहे,
पेनाच्या रिफिलएवढ्या नळीत गोठलेला,
ज्यानं माणगंगा पाहिली नाही
आणि हौसालाही पाहणार नाही.

राजेवाडीच्या तलावाकडून गार वारा. बायडाबाई दारातच.
गाईच्या पाठीवर लम्पीचे व्रण, रुपयाएवढे,
तिथं केस पुन्हा आलेच नाहीत.
शेजारच्या खुंट्याला नुसतंच दावं.
त्या गाईच्या कानातला बिल्ला विमावाल्यांनी मागितला,
पाठवला.
मग म्हणाले, बिल्ल्यासकट गाईचा फोटो पाठवा.

"पेंडीचं पोतं चढलं, दुधाचा दर उतरला,
मधल्या मधी शेण तेवढं माझं,"
म्हणते, आणि स्वतःच हसते.

पहिल्या वर्षी मी खांद्यापर्यंत मोजा चढवला
तेव्हा पारावरची माणसं तोंड फिरवून हसली होती.
आता तीच मिस्ड कॉल देतात.

"कालवडच हुईल न्हवं?"
शंभरात नव्वद, मी सांगते. नळी महाग ती त्यासाठीच.
"आन् उरल्यालं धा?"

उरलेल्या दहांसाठी माझ्या रजिस्टरात रकाना नाही.
नांगर ट्रॅक्टरला गेला, मोट तर केव्हाच;
गोऱ्ह्याला जन्मायला हल्ली
कारण दाखवावं लागतं.
देवळीत तिच्या सासऱ्याचा खिल्लार आहे, फोटोत,
पुसेगावच्या यात्रेतला, शिंगांना गोंडे,
काचेवर आजही ताजं कुंकू.
बायडाबाई तिकडे बघत नाही. मीही नाही.

सून सारिका तांब्यात कोमट पाणी आणते.
बारावी सायन्स. डेअरीत फॅटचं मशीन चुकलं
की पहिली तीच भांडते.
मी थर्मामीटर काढेपर्यंत ती बोट बुडवते:
"सदतीस."
बघते, तर सदतीसच.
नळी पाण्यात सोडते.
"हे शिकायला किती दिस लागत्यात?"
सासू वळून बघते. हौसा शेपटी झटकते.
मी सेकंद मोजत असते, बोलता येत नाही,
अठ्ठावीस, एकोणतीस.

निघताना नेहमीचं सांगते,
एकवीस दिवसांनी फोन आला नाही
तर बातमी चांगली समजा.

तिसऱ्याच दिवशी देवापूरचा नंबर.
पोटात गोळा.
सारिका. आवाज दबका, मागं धारेचा चुर्र चुर्र.
"गाईचं काय न्हाई, मॅडम.
त्यो फॉर्म कुठं मिळतोय?"