जादाचा पाटा

विंच बसवला त्या दिवसापासून
जीप मान खाली घालून उभी राहते,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.

सत्तर किलो लोखंड, पोलादी दोर वेगळा.
काळ्या मातीत रुतलेले ट्रॅक्टर ओढायचे म्हणून घेतला.
आषाढात फोन थांबत नाही,
नंदोरीचा, कोऱ्याचा:
"फसली हो, एक्सलपर्यंत."

चाक आणि मडगार्ड यांच्यात
वीतभर हवा होती,
आता तीन बोटं.
गतिरोधकावर दात वाजतात, माझे.
रात्री उजेड पायाशीच सांडायचा,
म्हणून दिव्यांची तोंडं मी स्क्रूनं वर केली.

बाबा बंड्या करायचे.
भरलेल्या पोत्यांकडे नुसतं बघून सांगत,
"धुरजड झाली. बैलाच्या खांद्याले सूज येईन.
दोन पोते मांगं सरकव."
विंच मागं सरकत नाही, बाबा.
हे ऐकून ते काय म्हणाले असते,
मला अजून सुचलेलं नाही.

जामच्या चौरस्त्यावर कय्यूमचाचांची भट्टी.
बंपरवर चढून त्यांनी दोनदा दाबलं,
टरबूज घेताना लावतात तसा कान लावला.
"पाटे थकले. पाच आहेत, सहावा टाकू.
पण लय कडक मागू नको बावा.
विंच काढला त्या दिवशी
हेच गाडी तुले फेकन."

लाल पाटा घणाखाली वाकला,
तेलात गेला, धुरानं भट्टी दिसेना.
शॉकअप नवे, बुश नवे.
यू-बोल्ट मात्र सुतभर तोकडे निघाले.
पोरगा बसनं हिंगणघाटला गेला
आणि आम्ही दोन तास शेंगा फोडत बसलो,
टरफलं कमानीच्या जुन्या पाट्यावर.

संध्याकाळी जॅक काढला.
जीप बसली, करकरली,
थांबली.
वितीला बोटभर कमी.
"राहू दे," चाचा म्हणाले,
"वजन आहे, तर थोडं दिसू दे."

घरी निघालो तर दिवे
रस्ता सोडून थेट बाभळीच्या शेंड्यात.
एक घुबड उडालं.
उतरून स्क्रू उलटा फिरवला,
अर्धा आटा, मग आणखी थोडा,
आणि जू बांधून झाल्यावर
बाबा बैलांच्या समोर जाऊन उभे राहत
तसा उभा राहिलो,
डोळ्यांवर हात धरून.

खिशात फोन वाजला.
नंदोरी.