शेवटचं रीळ

बेर्तालान वेरेत्सकी पडद्यावर अकरा वेळा मेला.
मी मोजलंय. खरं तर माझं काम टॉर्चचं,
मिश्कोल्ट्सच्या चिल्लाग टॉकीजमध्ये
उशिरा येणाऱ्यांच्या पायांपुढे
वाटीएवढा उजेड सांडत चालायचं.

पहिल्यांदा सदतीस साली, द्वंद्वात,
पांढऱ्या सदऱ्यावर काळं रक्त
(चॉकलेटचं होतं, त्यानंच पुढे सांगितलं).
मग न्यूमोनियानं. मग घोड्यावरून पडून.
युद्धानंतर एकदा पोलादाच्या भट्टीत,
तेव्हा आमच्या कारखान्यातली माणसं खो खो हसली:
भट्टीपाशी असं छाती काढून कोण उभं राहतं?
त्याच्या नाकाला मरण शोभतं, असं म्हणत सगळे.

आई प्रत्येक सिनेमाला यायची.
आठवी रांग, कडेची खुर्ची, मांडीवर बिटांची पिशवी.
रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात
एक ठिपका लुकलुकतो. कुणाचं लक्ष नसतं.
ती ते ठिपके मोजायची,
आणि शेवटचं रीळ लागायच्या आत उठायची.
बाहेर, कोटांच्या खुंट्यांखाली, आम्ही दोघी.
आतून व्हायोलिनं. मग काहीच नाही.
"झालं?"
"झालं."
"लवकर गेला का गं?"
"झोप लागावी तसा, काकू."
आत तो चार मिनिटं तडफडत असायचा.
त्या चार मिनिटांवर तर तिकिटं खपायची.

एक्कावन्न साली त्यानं स्वतः सिनेमा काढला.
तिसा नदी, एक नावाडी, हरवलेली शेळी, तीन दिवस.
कुणीही मरत नाही.
आईला पत्र: या खेपेला शेवटपर्यंत बस.
तिनं निळा झगा इस्त्री करून ठेवला.
समितीनं शेरा मारला, संघर्ष नाही,
आणि डबे तळघरात गेले.

ती चौपन्नच्या हिवाळ्यात गेली.
लवकर नाही. सात आठवडे लागले.
दफनानंतर तो टॉकीजवर आला, हॅट हातात,
ती बाहेर उभी राहून काय करायची, विचारलं.
मी सांगितलं.
"आणि तुम्ही काय म्हणायचात?"
तेही सांगितलं.
तो खुंट्यांकडे बघत राहिला, मग
तिकीट न काढताच निघून गेला.

त्यानंतर तो दोनदाच मेला.
एकदा नुसतं दार लागतं,
एकदा खुर्चीवर चष्मा राहतो.
पेपरवाल्यांनी लिहिलं, केवढा हा संयम.

अडुसष्टात डबे वर आले.
सकाळचा खेळ, हॉलमध्ये चौदा माणसं.
मी टॉर्च विझवली आणि आठव्या रांगेत बसले.
शेवटचा ठिपका चमकला,
आणि माझे गुडघे आपोआप उठले.
पुन्हा बसवले त्यांना.

शेळी सापडलेली असते. नाव काठाला लागते.
तो दोर बांधतो. गाठ सुटते.
पुन्हा बांधतो.