वाघ बाहेर

सहा बदकं आणली सायत्रानं
लाखांदूरच्या बाजारातून, मिरचीच्या पोत्यात.
पोत्याला सहा भोकं, भोकांतून सहा माना.
म्हणाली, "घर तं लागनच यायले."
म्हणजे आजच. म्हणजे मलाच.

मी परसात उभा राहिलो
आणि पहिल्यांदा नीट पाहिलं
आपल्याकडे काय काय मोडलेलं आहे.

बाज : सुंभ कुजला, खूर चारही ठणठणीत.
लिलावात न खपलेला शाळेचा बाक,
फळीवर कर्कटकानं कोरलेलं, देवा नापास.
देवा आता तलाठी आहे, पवनीकडे कुठंतरी.
राइस मिलची फाटकी चाळणी डाकरामनं दिली,
आणि चाळणीसोबत सल्ला :
"कोंबडी समजू नोको. बदक दांडीवर बसत नाही.
त्याले भुईच पाह्यजे, अन् वारा डोक्याच्या वरून."
डाकरामनं उभ्या जन्मात बदक पाळलं नव्हतं,
पण खरं निघालं ते.

पत्रा बसस्टॉपचा.
वादळात उडून आमच्या बांधीत पडला,
दोन वर्षं कोणी न्यायला आलं नाही.
गावाच्या नावातलं "टोला" तेवढं त्यावर शिल्लक.
बिजागऱ्या लुनाच्या टायरच्या,
बोटभर रुंद पट्ट्या, चार चार खिळे.
त्या लुनावर मी कधीकाळी
बोहल्यावर चढायला गेलो होतो.
हे सायत्राला सांगितलं तर म्हणाली,
"तवाई पंक्चरच होती."

एक भिंत कमी पडली.

तेव्हा आठवला पडदा.
मंडईला आलेली नाटक कंपनी रातोरात गेली,
मंडपाचं भाडं बुडवून, पडदा मागे ठेवून :
जंगलाचा सीन. धबधबा. गवतातून
बघणारा वाघ, एक डोळा दुसऱ्याहून मोठा.
जाड कापड, वर तेलरंगाचे थर,
थेंब आत जायचा नाही.
चित्राची बाजू आत घेऊन ठोकला.
म्हटलं, राहोत बिचारी शोभेत.

तणस अंथरलं. चढायला फळी,
पाय घसरू नये म्हणून तिच्यावर बांबूच्या कामट्या.
दिवेलागणीला बदकं बोडीवरून आली रांगेनं,
पहिलं फळी चढलं, दारात थांबलं,
मान वाकडी करून आत पाहिलं
आणि वळलं.
दुसरं. तिसरं. सहाही.
ती रात्र त्यांनी माझ्या खाटेखाली काढली,
मी खाटेवर, टॉर्च आणि काठी घेऊन,
आणि थंडी आम्हा सगळ्यांत सारखी वाटून.

सकाळी सायत्रा चार पायांवर झाली,
खांद्यापर्यंत खुराड्यात शिरली.
बराच वेळ नुसती पाठ दिसत होती.
बाहेर आली तेव्हा केसांत तणस.
"वाघ हाये नं आतमंदी.
तुमी तरी झोपले असते का?"

खिळे उपसले. पडदा फिरवला.
आता वाघ बाहेर, सांदवाडीकडे तोंड करून,
आणि आत कोरं, मळकट कापड,
कोपऱ्यात पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलेलं :
सीन तिसरा. उलटा लावू नये.

बदकं त्या संध्याकाळी न थांबता आत गेली,
जशी काही तिथंच अंड्यातून निघाली होती.
नऊ वाजेपर्यंत दार उघडायचं नाही,
नाहीतर अंडी बोडीत घालून येतात.
तिसऱ्या दिवशी पहिलं अंडं मिळालं,
नेमकं "नापास"वर टेकलेलं, फिकट निळं,
ऊबदार.
सायत्रानं ते पदराला पुसलं नाही,
तसंच हातात धरून उभी राहिली.

काल राखेवर रानमांजराची पावलं दिसली,
पडद्यापासून हातभर अलीकडे थांबून परतलेली.
डाकराम म्हणतो, माणसाच्या वासानं.
असेल.

एकूण खर्च एकशे चाळीस रुपये :
खिळे, आणि ही कडी.
सगळ्या घरात नवी वस्तू एवढी एकच,
आणि तीच नीट लागत नाही.