पंप क्रमांक सात

एकतीस वर्षं मी पाणीच उपसतोय.
लाउझित्सची खाण कोरडी राहावी म्हणून
जमिनीच्या पोटातलं गंजाच्या रंगाचं पाणी
चुना घालून निवळायचं,
श्प्रे नदीत सोडायचं.

काल सभागृहात बर्लिनहून आलेल्या बाईंनी आलेख दाखवला:
अडतीस साली कोळसा शून्य.
धुराची रेघ उतरत गेली. टाळ्या.
मीही वाजवल्या. लेंकाचा दमा
रात्री तीन वाजता कशी शीळ घालतो,
मला ठाऊक आहे.

मग हांद्रिय उठला, काकड्या पिकवणारा,
टोपी हातात चुरगाळत:
"पंप थांबल्यावर नदीत काय असेल?"

बाई कागद चाळत राहिल्या.
शंभर वर्षं ही नदी खाणीच्या ओंजळीनं पाणी पितेय,
हे आम्हा पंपवाल्यांना सांगावं लागत नाही.
भूजल आम्हीच खाली ओढलं.
आधी आईच्या गावची विहीर गेली,
मग गाव.
आजोबांची सोरबी अक्षरं कोरलेली शिळा
ट्रकमधून नेली, तेव्हा मी कामावर होतो.

"आधी खड्डा भरू," त्या म्हणाल्या, "सुंदर तळं होईल."
"कशानं भरणार?"
"नदीच्या पाण्यानं."
मागे कोणीतरी हसलं, खोकल्यासारखं.

रात्रपाळीला
नियम मोडून अर्धं मिनिट पंप बंद केला.
नळाच्या तोंडाशी धार बारीक होत होत
थेंबांवर आली.
खाली ओहोळात रोज उभा असतो तो बगळा
मान वळवून पाहू लागला,
मी काही बोलेन म्हणून.

मी बटण दाबलं.