बिघडवायचा तुकडा

भद्रकालीत पुंजारामकाकांनी
रापी दिली ती मुठीकडून,
आणि एक वाया गेलेला तुकडा –
"आधी हा बिघडव."

आरी, दोन सुया, मेणाचा गोळा.
पट्टीने सरळ रेघ मारली;
टाके मात्र चालले
दहीपुलाच्या उतारासारखे.

बापाने हे सगळं
पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं होतं
मला शाळेत घालताना.
विचारलं, की अंगठ्यावरचा जुना घट्टा चोळत बसायचा.

चामड्यावर एक ओरखडा होता,
तारेचा असावा, कुंपणाच्या.
मी तो भाग कापायला निघाले.
"राहू दे," काका म्हणाले,
"म्हैस जगली होती."

सातपूरच्या बसमध्ये
बोटांना अजून वास.
शेजारची बाई जरा सरकली.

मी हात
मांडीवरच ठेवले, उघडे.